पर्शियन की सयामी? अण्णांना विचारलंत का?

वाचकाचं पत्र: आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर सहाव्या मजल्यावर राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, सकाळी आठला बाहेर पडतो, यायला साडेसात होतात. मुलगी सहावीत आहे. शाळा, मग क्लास, तीही संध्याकाळीच घरी. सासूबाई गेल्यापासून सासरे, अण्णा, आमच्याकडेच असतात. वय त्र्याहत्तर. तब्येत बरी आहे, थोडा दमा आहे, हात जरा थरथरतात. शिमग्याला आणि गणपतीला ते संगमेश्वरला गावी जातात, मे महिन्यात आठवडाभर आम्ही सगळेच जातो. गावच्या घरी पूर्वी मांजरं असायची. आता घरात मांजर आणायचं ठरतंय. नवऱ्याला पर्शियनच हवी, मुलीला निळ्या डोळ्यांची सयामी. आमच्याकडे मासे होतात, पण सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात नाही. मला एवढंच दिसतंय की कुठलंही आलं तरी काम माझ्या अंगावर पडणार. कोणती जात घेऊ?

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात यजमानांची आवड आहे, लेकीचा हट्ट आहे आणि तुमची धास्ती आहे. ती धास्ती मला अगदी पटते. अण्णांचा दमा आहे, त्यांच्या गावच्या फेऱ्या आहेत. पण अण्णांना मांजर हवंय का, हे कुठे सापडलं नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत त्या मांजराबरोबर घरात कोण असणार? तेच. घरात नीट सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. लेक कॉलेजात जाईल, कदाचित शिकायला बाहेरगावी पडेल, तरी मांजर घरात असेल. म्हणून मी पुढे जे लिहिते आहे ते अण्णांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

पर्शियनला माणसाचे हात लागतात आणि सयामीला माणसाची सोबत लागते. रंगरूप बाजूला ठेवलं तर या दोन जातींतला मोठा फरक हाच. तुमच्या घरात दिवसाकाठी यातलं काय शिल्लक उरतं, ते बघायचं.

आधी पर्शियन. स्वभावाने गोड, संथ आणि अबोल. पडद्यावर चढणार नाही, ओट्यावर उडी मारणार नाही, दुपारभर गार लादीवर पडून राहील. यजमानांना ती का आवडते ते मला कळतं. पण तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आणि खालचा लोकरीसारखा थर सतत एकमेकांत गुंततो. तिला रोज विंचरावं लागतं. अगदी रोज, धातूच्या कंगव्याने, दहा-पंधरा मिनिटं, आणि तेही पाठीवरून हात फिरवल्यासारखं नाही. काखेत, कानांमागे, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या आत. चार दिवस राहिलं की गुठळ्या होतात. गुठळी कातडी ओढत राहते, खाली ओल धरते, मांजर हात लावू देत नाही, आणि मग व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, नेऊन मशिनने सगळे केस उतरवावे लागतात, कधी कधी भूल देऊन. शेपटीखालचे केस वरचेवर कापावे लागतात, नाहीतर शी अडकते. डोळ्यांतून पाणी वाहतं, तेही रोज पुसायचं. अण्णांचे हात थरथरतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे रात्री साडेआठला, स्वयंपाक आटोपून, कंगवा घेऊन कोण बसणार हे मी सांगायला नको. यजमान म्हणतील ‘मी करीन’. त्यांनी खरोखर करावंही. पण दोन महिन्यांनी कंगवा कोणाच्या हातात असेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त चांगलं जाणता.

त्यात ठाण्याचा पावसाळा. दाट केसांत ओल टिकते आणि गजकर्ण धरतं. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीचा हा आजार लांब केसांच्या मांजरांत, त्यातही पर्शियनमध्ये जास्त दिसतो. तो माणसांना लागतो, आणि लहान मुलांना व म्हाताऱ्या माणसांना लवकर लागतो. उपचार आहे, पण आठवडेच्या आठवडे चालतो, आणि त्या काळात चादरी, गाद्या, सोफे सगळं धूत-पुसत बसावं लागतं.

आता चेहऱ्याचं. बाजारात तुम्हाला तीन शब्द ऐकू येतील: डॉल फेस म्हणजे नाक नेहमीसारखं बाहेर असलेला, सेमी पंच म्हणजे अर्धवट चपटा, आणि पंच फेस म्हणजे नाक पार आत दाबलेला. चेहरा जितका चपटा तितकी किंमत जास्त. माझ्या मते किंमत नेमकी उलट असायला हवी. नाक आत दाबलं गेलं की श्वासाची वाट अरुंद होते, अश्रूंची नळी वाकते, जबडा आखडल्याने दात वेडेवाकडे येतात. भूल देताना व्हेटना जास्त जपावं लागतं. मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. फार उकडलं तर ते तोंड उघडून धापा टाकतं, आणि चपट्या नाकाच्या मांजराला तेही धड जमत नाही. मे महिन्यात वीज गेली आणि घरात अण्णा एकटे असले तर? आणि हा चेहरा काही जुना वारसाही नाही. सतराव्या शतकात इराणात राहिलेला आणि १६२३-२४ मध्ये सुरत-गोवा फिरून गेलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने तिथल्या खोरासान प्रांतातल्या लांब केसांच्या मांजरांचं कौतुक लिहून ठेवलंय. त्या केसांचं कौतुक जुनं आहे. नाक इतकं आत गेलं ते मांजरांचे शो सुरू झाल्यानंतर, गेल्या शंभरेक वर्षांतल्या निवडीमुळे. पर्शियन घ्यायचीच ठरली तर डॉल फेस घ्या, आणि समोरचा ‘पंच फेस म्हणजेच ओरिजिनल’ म्हणाला तरी मागे हटू नका.

पर्शियनची किडनी हा आणखी एक मोठा विषय. पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार या जातीत आहे. किडनीत जन्मापासून पाण्याच्या बारीक गाठी असतात, त्या वर्षानुवर्षं वाढतात आणि मांजर ऐन मध्यम वयात आजारी पडतं. आईबापांपैकी एकाकडे जरी सदोष जनुक असला तरी पिल्लात तो येण्याची शक्यता निम्मी. हा जनुक २००४ मध्ये सापडला; त्याआधीच्या सोनोग्राफीच्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून जास्त पर्शियनांत गाठी आढळत. आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून जनुक तपासता येतो. ते न जमलं तर पिल्लाच्या आईची आणि बापाची किडनीची सोनोग्राफी पाहायला मागा. मांजर दहा महिन्यांचं झाल्यावर ती भरवशाची असते. विकणारा देत नसेल तर तिथून उठा. वंशावळीचा कागद म्हणजे तब्येतीचा कागद नव्हे.

सयामीकडे वळते. आखूड, अंगाला चिकटलेले केस. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं. म्हणजे हातांचं काम जवळजवळ नाही. पण या मांजराला एकटं राहवत नाही. ती तुमच्या मागे मागे स्वयंपाकघरात येईल, न्हाणीघराच्या दाराशी बसेल, कपाट उघडलं की आत शिरेल, आणि हे सगळं करताना बोलत राहील. आवाज मोठा आणि घोगरा, लांबून ऐकलं तर तान्हं मूल रडतंय असं वाटावं असा. रात्रीही. हे लाडाने सांगतात खरे, पण पहिल्या महिन्यात घरातली झोप उडते, हे आधीच धरून चला. घरात बहुधा एका माणसाला ती आपलं मानते, आणि तो माणूस दिवसभर भेटणाराच असतो. अकरा तास रिकाम्या घरात ठेवलेली सयामी दुःखी होते. स्वतःचे केस चाटून चाटून टक्कल पाडते, लोकरीचे कपडे, मोजे, चादरींची टोकं चघळते, आणि ते पोटात जाऊन आतडं अडलं तर ऑपरेशनची वेळ येते. तुमच्या घरात अण्णा नसते तर मी सयामीला सरळ नाही म्हटलं असतं.

आजार हिलाही आहेत. मांजरांना होणारा दमा सयामीत जास्त दिसतो; डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक दोष आहे; माद्यांत स्तनाच्या गाठींचा धोका इतर मांजरांपेक्षा जास्त आहे. या शेवटच्या धोक्यावर मात्र तुमच्या हातात उपाय आहे. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर तो फार मोठ्या प्रमाणात कमी होतो. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

लेकीला एक गोष्ट सांगा, तिला आवडेल. सयामीची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरी असतात. त्यांच्या शरीरात रंग तयार करणारं एन्झाइम उष्णतेत काम करत नाही, फक्त गार भागात करतं. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. बाहेर आल्यावर कान, नाक, पंजे, शेपूट हे गार राहणारे भाग काही आठवड्यांत काळपट होत जातात. म्हणून ठाण्याच्या हवेतली सयामी अंगाने फिकी राहील आणि थंड गावातली गडद होईल. फसवणूक ओळखायलाही हे कामाला येतं. डोळे निळे नसतील तर ती सयामी नाही. निळे डोळे आणि काळं तोंड असूनही केस लांब आणि भरघोस असतील तर त्यात बहुधा पर्शियनचं रक्त आहे. त्याला हिमालयन म्हणतात, आणि त्याचं विंचरणं, चेहरा, किडनी हे सगळे प्रश्न पर्शियनचेच. आपल्याकडे अशी पिल्लं ‘सयामी’ म्हणून सर्रास विकली जातात. लेकीला सयामी म्हणून तीच मिळाली तर कंगवा पुन्हा तुमच्याकडेच येईल.

आता अण्णांचा दमा. तो थोडा आहे म्हणून सोडून देऊ नका. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असं आपण समजतो, पण ती होते फेल डी १ नावाच्या प्रथिनामुळे. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असतं, मांजर अंग चाटतं आणि ते वाळून घरभर उडतं. म्हणून आखूड केसांची सयामी दम्याला चालते, हे खरं नाही. ॲलर्जीमुक्त जात अशी नसते. अण्णांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, मांजर आणायचा विचार आहे असं स्पष्ट सांगा, मांजराच्या ॲलर्जीची तपासणी करून घ्या. आणि ज्या घरात मांजर आहे अशा कोणाकडे त्यांना निवांत बसायला न्या, पुन्हा पुन्हा न्या. एका भेटीत काही कळत नाही. त्रास झाला तर विषय तिथेच संपला, मग जात कुठलीही असो. नाही झाला तरी मांजर त्यांच्या अंथरुणात झोपू देऊ नका. लिटरची, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायच्या रेतीची, धूळही छातीला वाईट. बेंटोनाइट नावाच्या मातीची स्वस्त रेती ओतताना ढग उठतो. त्याऐवजी लाकडाच्या गोळ्यांचं किंवा टोफूचं लिटर वापरा. ट्रे खेळत्या हवेत ठेवा आणि रोज साफ करा.

खाण्याचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण बरेच जण ते मनातच ठेवतात. मांजराला सोमवार, गुरुवार, श्रावण पाळता येत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे जातात आणि हृदय कमकुवत होतं. दूधभातावर मांजर जगतं ते बाहेर उंदीर, पाली, पाखरं धरून खातं म्हणून. सहाव्या मजल्यावर ते कुठून मिळणार? त्यामुळे पाकिटातलं चांगलं कॅट फूड रोज, सगळ्या वारी. ते सोवळ्याच्या भांड्यांत मिसळायची गरज नाही, त्याची वाटी वेगळी, जागा वेगळी. घरच्यांना हे आधी पटवून घ्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढून ते मरणाच्या दारात जाऊ शकतं. उकडलेला माशाचा तुकडा कधीमधी द्या, पण कच्चे मासे नको. काही माशांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको.

आणखी दोन गोष्टी, त्या जिवावरच्या आहेत. घरात मांजर आलं की फिनाइलने लादी पुसणं बंद. त्यातलं फिनॉल मांजराचं लिव्हर नीट मोडू शकत नाही. ते ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं. डेटॉलसारख्या जंतुनाशकांचंही तेच. मोलकरणीला हे स्वतः समजावून सांगा, बाटलीच घरातून काढून टाका. दुसरं पॅरासिटामॉल. अण्णांच्या गोळ्यांचा डबा झाकणाचा असू द्या, आणि मांजराला ताप वाटला तर माणसाची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

खिडक्या आणि बाल्कनी यांना जाळी पिल्लू यायच्या आधी बसवा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी असेल तर ओढून पाहा. उन्हाने कुजलेली असेल तर बदला. ग्रिलच्या गजांतून पिल्लू आरामात बाहेर पडतं.

पिल्लू कुठून घ्यायचं याबद्दल थोडक्यात. २०१८ च्या केंद्राच्या पेट शॉप नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू दुकानात विकता येत नाही. मी तर म्हणेन बारा आठवडे आईपाशी राहू द्या, ते चावणं-ओरबाडणं आवरायला तिथेच शिकतं. फोटो पाहून ॲडव्हान्स पाठवू नका. घरी जाऊन आई पाहा. आई दाखवत नाहीत तिथून घेऊ नका. आणि यजमानांचं मन पर्शियनवर फारच असेल तर मुंबई-ठाण्यात मांजरं सोडवणाऱ्या संस्थांकडे विचारा. केस गुंतले, डोळे चिकटले म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या मोठ्या पर्शियन त्यांच्याकडे येत राहतात. मोठ्या मांजराचा स्वभाव आणि तब्येत समोर दिसते, लपत नाही.

माझं मत तुम्ही मागितलंय. दम्याची तपासणी ठीक आली आणि अण्णा मनापासून हो म्हणाले, तर सयामी घ्या. तुमच्या घरात हात मोकळे नाहीत, पण सोबत आहे. शक्य असेल तर एकाच वेतातली दोन घ्या. खर्च आणि लिटरचं काम वाढतं हे खरं, पण अण्णा शिमग्याला, गणपतीला गेले की घर अकरा तास बंद राहणार, तेव्हा ती एकमेकांना धरून राहतील. एकच घेतलीत तर त्या दिवसांत दुपारी येऊन बसणारं माणूस आत्ताच शोधून ठेवा. मे महिन्यात तिला संगमेश्वरला नेऊ नका. कौलारू घराला जाळ्या नसतात, कुत्री असतात, बिबट्याही असतो, आणि फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला यातलं काहीच ठाऊक नसतं. ठाण्याच्या घरीच राहू द्या आणि कोणीतरी दोन वेळा येऊन बघेल असं करा.

अण्णांशी बोलाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. त्यांनी गावी पाहिलेलं मांजर माळ्यावर उंदीर धरायचं, दारातून यायचं-जायचं, परसात माती उकरून झाकायचं. मांजराची विष्ठा ट्रेमधून रोज खुरप्याने काढायची, त्याला जन्मभर घरात ठेवायचं, नखं कापायची, हे त्यांना विचित्र वाटू शकतं, कदाचित क्रूरही. ते त्यांना बोलू द्या. लेकीला मध्ये बसवू नका, नातीचं तोंड पाहून ते लगेच हो म्हणतील, आणि तो होकार धरण्यासारखा नाही. तुम्ही दोघींनी किंवा यजमानांनी करायच्या कामांची यादी त्यांना सांगा: लिटर सकाळी यजमान, खाणं सकाळी लेक आणि संध्याकाळी तुम्ही, व्हेट यजमान. अण्णांकडे काम म्हणून काहीच नको, दुपारी पाण्याचं भांडं रिकामं दिसलं तर भरणं एवढंच. मग विचारा की दिवसभर मागे मागे फिरणारं, बोलणारं जनावर त्यांना आवडेल का.

ते नको म्हणाले तर दोन्ही जाती नको. लेक नाराज होईल. तिला ‘अण्णा नको म्हणाले’ असं सांगू नका. आपल्या घरात दिवसा मांजराकडे बघायला माणूस नाही, असं सांगा, कारण मग तेच खरं असेल.